अंगणातली आपली झाडं
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिलीत आणि विषय दिलाय घरच्या बागेतल्या देशी झाडांचा. माझं नाव पुकारल्यावर मागच्या बाकावरचे हसले, ते मी पाहिलं. त्यांचं हसणं बरोबर आहे. वृक्षारोपणाच्या दिवशी खड्डे खणायची वेळ आली की पाणी प्यायला जाऊन परत न येणारा मुलगा तो मीच.

बीडला घर बांधलं तेव्हा पुढं थोडी मोकळी जागा सोडली होती. सगळे लावतात तेच मीही लावलं. लॉन, कलमी गुलाब, आसुपालवाची रांग आणि फाटकाशी दोन शोभेचे पाम. रोज संध्याकाळी पाइप धरून उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यानं "वा" म्हणायचं. मग 2016 चा उन्हाळा आला. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, तो उन्हाळा. आमचं बोअर मार्चमध्येच आटलं. घरात प्यायला टँकरचं पाणी आणि दारात लॉन. पाइप हातात धरायची लाज वाटायला लागली. दोन महिन्यांत सगळं वाळून गेलं.

एकच झुडूप हिरवं राहिलं, तेही कुंपणाच्या बाहेर. बांधकामाचा राडारोडा पडला होता, त्यातून ते आपोआप उगवलं होतं. मी दोनदा उपटायला लावलं होतं, दोनदा ते फुटून आलं. त्या मे महिन्यात पहिल्यांदा मी त्याच्याजवळ जाऊन नीट बघितलं, तर तो तरवड. आपल्या माळावरचा तरवड! त्याची साल चामडं कमवायला वापरायचे, शेळी त्याला तोंड लावत नाही, आणि पिवळी फुलं आली की अख्खा माळ उजळतो. चकलांब्याच्या पोराला दारातला तरवड ओळखायला सात वर्षं लागली.

त्या पावसाळ्यापासून मी सुरुवात केली. रोपवाटिकेत जाऊन तरवड मागितला, तर मालक म्हणाला, "साहेब, तो विकत कोण घेतं?" त्याचंही खरं होतं. म्हणून बिया स्वतःच गोळा करायच्या ठरवल्या, आणि लगेच तोंडावर पडलो. बहाव्याच्या चाळीस बिया पिशव्यांत पेरल्या, एकही उगवली नाही. शेवटी आपल्या विज्ञानाच्या सरांना फोन केला. सर आज समोर बसलेत. सर म्हणाले, "अरे, ते कवच टणक असतं. दगडावर घास आणि रात्रभर गरम पाण्यात ठेव." तसं केलं आणि दहा-बारा दिवसांत कोंब दिसायला लागले. बाभळीचंही तेच आहे. तिची बी शेळीच्या पोटातून गेली की पटकन उगवते, म्हणून जुने लोक वाड्यातल्या लेंड्यांतून ती गोळा करत. लिंबाचं उलटं. लिंबोळी पडली की लगेच पेरायची, कारण डब्यात जपून ठेवली तर थोड्याच आठवड्यांत ती मरते. पळसाच्या शेंगाही ताज्याच हव्यात.

आता माझ्याकडे कुंपणाला निरगुडी आणि अडुळसा आहे. निरगुडीची फांदी पावसात खोचली तरी लागते. लिंबावर गुळवेल चढवलीय. एक आपटा आहे, आणि दसऱ्याला त्याला कुणी हात लावायचा नाही असं घरात ठरलंय. बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानं विकतात, ती खुशाल घ्या. मेढशिंगीही आहे. हिच्या शेंगा मेंढ्याच्या शिंगासारख्या वाकतात, म्हणून हे नाव. ऐन उन्हाळ्यात ती पांढरी फुलं देते. पहिली दोन वर्षं मी या सगळ्यांना पाणी घातलं, नंतर नाही. रुईवर बिबळ्या कडवा नावाच्या फुलपाखराच्या अळ्या येतात. बायको आधी त्या वेचून टाकायची, आता नातवाला दाखवते.

परदेशी झाडांवर माझा राग आहे असं समजू नका. सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं, तरी बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मिरची आणि भुईमूगही तिकडूनच आले. तेव्हा सोवळं पाळण्यात अर्थ नाही. पण वेडी बाभूळ आणि घाणेरी माळ गिळत चालल्यात, त्यात तरवडाला आणि हिवराला आपण जागा द्यायला नको का? बीडजवळ पालवणच्या डोंगरावर सयाजी शिंदे आणि त्यांच्या मंडळींनी सह्याद्री देवराई उभी केली. 2020 च्या फेब्रुवारीत तिथं वृक्ष संमेलन भरलं आणि अध्यक्ष होतं वडाचं झाड. मी गेलो होतो. अध्यक्षीय भाषण नसलेलं संमेलन मी आयुष्यात तेवढं एकच पाहिलं.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. झाडांची नावं कळावीत म्हणून मी डॉ. व्ही. एन. नाईक यांचं 1998 सालचं 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' मिळवलं. मोठं काम आहे, पण त्यातली लॅटिन नावं मला जड जातात. माझ्या कुंपणावर करटुल्याचा एक वेल होता. मृगात कंदातून फुटायचा, संध्याकाळी पिवळी फुलं उमलायची, पण तीन वर्षांत एक करटुलं लागलं नाही. खत घातलं, औषध मारलं. एकदा गावी आलो असताना माळावर शेळ्यांमागं एक बाई दिसल्या. जवळ गेलो तर आपल्याच वर्गातल्या. तुम्हाला आठवत असतील. दिवाळी झाली की आई-बापाच्या कोयत्याबरोबर कारखान्यावर जायच्या आणि उन्हाळ्यात परत यायच्या. सातवीनंतर आल्याच नाहीत. हजेरी घेताना त्यांच्या नावाला आपण सगळे एका सुरात "गैरहजर" म्हणायचो.

मी वेलाचं गाऱ्हाणं सांगितलं. त्या हसल्या. "आरं, नर येल हाय त्यो. त्याला कुठून येतील करटुले? मादीच्या फुलाखाली बारीक काटेरी बोंड असतंय, ते बघून कंद लाव जोडीला." करटुल्यात नर आणि मादी वेल वेगळे असतात, हे मला पन्नाशीत कळलं. गंमत बघा, आपल्याकडं त्या नर वेलाला वांझ करटुली म्हणतात. दोष नराचा आणि नाव बाईचं.

त्यांनी दिलेला मादी कंद मी लावला. त्या श्रावणात दोन वेळची भाजी झाली. त्यानंतर जेव्हा जेव्हा गावी आलो, तेव्हा त्यांच्यामागं वही घेऊन फिरलो. एकशे सात नावं लिहून झालीत. त्यातली बरीच माझ्या आईला माहीत असणार, पण ती असताना मी कधी विचारलं नाही.

या मेळाव्याची यादी मीच केली. दहावीच्या हजेरीपटावरून केली, त्यामुळे त्यांचं नाव त्यात नव्हतं. सातवी-आठवीत शाळा सुटलेली आपली आणखी अकरा जणं निघाली. त्यातल्या चौघांपर्यंत पोहोचता आलं. बाकीच्यांचा पत्ता कुणाला ठाऊक असेल तर आज जाण्याआधी मला द्या.

फाटकाजवळच्या टेबलावर बहावा, पळस आणि तरवडाच्या बियांच्या पुड्या ठेवल्यात, त्या घेऊन जा. करटुल्याचे कंद मात्र माझ्याकडं नाहीत. तिसऱ्या रांगेत हिरव्या लुगड्यात बसल्यात, त्यांच्या पिशवीत आहेत. नर कोणता आणि मादी कोणती, ते त्यांनाच विचारा. मला अजून नक्की ओळखता येत नाही.