सूर्यामागे फिरावे की दक्षिणेकडे पाहावे?



जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून चारकोपचे भूखंड आखले गेले. त्यांवर कष्टकऱ्यांनी सहकारी संस्था करून घरे उभारली. आता गच्चीवर सोलर पॅनेल बसवताना प्रश्न पडतो, की ती स्थिर चौकटीवर बसवावी, की सूर्यामागे फिरणाऱ्या?

फिरणारी पॅनेल वीज जास्त देतात. मोकळ्या माळावर शेकडा पंधरा ते पंचवीस. पण हा लाभ थेट उन्हाचा. पावसाळ्यात उजेड ढगांतून चहूकडून विखरून येतो. तेव्हा फिरून काय मिळणार? शिवाय एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये म्हणून अंतर ठेवावे लागते, आणि आपल्या गच्च्या चिंचोळ्या. मोटर, बेअरिंग यांना खाडीचा खारा वारा लागणार. ती बिघडली की दुरुस्तीला कठड्यावर चढणार कोण? कामगारच ना?

म्हणून आम्ही म्हणतो, पॅनेल दक्षिणाभिमुख, मुंबईच्या अक्षांशाइतका म्हणजे सुमारे १९ अंशांचा कल देऊन पक्की बसवा. वाचलेल्या पैशात जागा पुरेल तेवढी आणखी घ्या. आणि ती पुसणाऱ्याला रीतसर मजुरी व कमरेला दोर द्या.