मुदतवाढ आणि तिचे व्याज

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात शुक्रवार पेठ, सोलापूर येथे केलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात विद्यार्थ्यांचा गौरव, शिष्यवृत्त्या व वसतिगृह यांविषयी बोलण्याची आपली प्रथा आहे. त्या जागी मी धुराविषयी बोलावयास उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. परंतु त्यास कारण आहे. सायझिंगच्या व रंगाईच्या कारखान्यांना बॉयलरच्या धुरातील धूळ रोखणारी यंत्रे बसविण्यास शासनाने अधिक मुदत द्यावी, असा ठराव संस्थेने करावा, अशी सूचना आपल्यातील काही कारखानदार बंधूंनी केली आहे. तिच्यावर हात वर करण्यापूर्वी मुदतवाढ म्हणजे काय, याचा थोडा विचार व्हावा, एवढाच माझा हेतू आहे.

सोलापूरला धूर नवा नाही. १८७७ साली येथे कापडाची पहिली गिरणी सुरू झाली आणि पुढे भोंग्यावर शहराचा दिवस उगवू लागला. गिरणीच्या चिमणीतून धूर निघाला म्हणजे घरोघरच्या चुली पेटणार, हे त्या काळचे समीकरण होते आणि ते खोटे नव्हते. धुराकडे उपद्रव म्हणून पाहणारा कायदा मुंबईत १९१२ मध्ये झाला. सबंध देशासाठी वायुप्रदूषणाचा कायदा होण्यास १९८१ साल उजाडावे लागले. तोवर आपल्या दोन पिढ्या त्या चिमण्यांखाली राबून गेल्या होत्या.

आता मुदतवाढीचा इतिहास पाहू. तो दूरचा नाही. आपल्या दक्षिण सोलापूर तालुक्यात, होटगीजवळ, राष्ट्रीय औष्णिक वीज निगमचे केंद्र आहे. प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच तेथे कोळशावर चालतात. पहिल्याचे व्यापारी उत्पादन २०१७ मध्ये सुरू झाले, दुसऱ्याचे २०१९ मध्ये. अशा केंद्रांच्या धुरातील राख, गंधकवायू, नत्रवायू आणि पारा यांवर केंद्र सरकारने ७ डिसेंबर २०१५ रोजी मर्यादा घातल्या. जुन्या केंद्रांना त्या पाळण्यास दोन वर्षे दिली होती. दोन वर्षे संपली, तेव्हा मुदत २०२२ पर्यंत गेली. १ एप्रिल २०२१ रोजी केंद्रांचे तीन गट पाडून ती २०२२, २०२३ व २०२४ अशी झाली. २०२२ मध्ये गंधकवायूपुरती ती आणखी दोन वर्षे सरकली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन. अखेर ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तिसऱ्या गटाला, म्हणजे देशातील तीन चतुर्थांशांहून अधिक संचांना, चिमणीच्या उंचीची अट पाळल्यास गंधकवायूच्या मर्यादेतून मोकळे केले. दोन वर्षांची मुदत वाढत वाढत शेवटी बंधनच संपले!

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. आपल्या देशातील कोळशात गंधक कमी असते. बहुतेक शहरांच्या हवेत गंधकवायू मर्यादेच्या आत आढळतो. धूर धुणारी यंत्रणा महाग आहे, ती वीज खाते आणि ओल्या पद्धतीची असेल तर पाणीही पिते. हे मुद्दे पोकळ नाहीत. पाण्याचे मोल सोलापूरकराला कोणी शिकवावयास नको. तथापि हा वायू चिमणीबाहेर पडल्यावर तसाच राहत नाही. हवेत त्याचे सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि वाऱ्यावर शेकडो मैल जातात. दाट वस्तीपासून दहा किलोमीटरचे वर्तुळ आखून केंद्रांचे गट पाडता येतात. वाऱ्याला मात्र ते वर्तुळ दिसत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेच्या मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आपल्या सोलापूरचे नाव होते, हेही विसरून चालणार नाही.

ज्यांच्या वाडवडिलांनी पेढ्या चालविल्या, त्यांना एक गोष्ट ठाऊक आहे. कर्जफेडीस मुदत मागणे हे पाप नव्हे. हंगाम बुडतो, माल अडकतो, भल्या माणसालाही मुदत लागते. परंतु मुदत वाढली की व्याज वाढते, आणि ते ऋणको भरतो. धुराच्या मुदतवाढीत मात्र मुदत कारखान्याला मिळते आणि व्याज शेजारी भरतो. दम्याच्या म्हातारीच्या आणि शाळकरी मुलाच्या छातीतून ते वसूल होते. २०२१ च्या नियमांत तिसऱ्या गटाला पहिल्या सहा महिन्यांच्या विलंबाबद्दल युनिटमागे पाच पैसे दंड ठेवला होता. पण मुदतच पुढे गेल्यावर दंडाची वेळही पुढे गेली. यात आणखी एक अन्याय आहे. ज्याने पदरचे पैसे घालून वेळेवर यंत्र बसविले, तो वेडा ठरतो. जो थांबला, तो शहाणा ठरतो.

मग मुदत द्यावीच कशी? याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डहाणूच्या चिकूच्या वाड्यांशेजारी ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये तेथे पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये गंधकवायू रोखणारी यंत्रणा बसविण्यास सांगितले. कंपनीकडून विलंब झाला, तेव्हा नुसती नवी तारीख न देता प्राधिकरणाने बँकेची हमी मागितली. २००७ मध्ये समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी यंत्रणा तेथे चालू झाली. वेळ लागलाच, पण त्या वेळेला तारण होते, आणि हिशेब मागणारा जागेवर होता.

बंधूंनो, आपल्या ठरावाकडे मी याच दृष्टीने पाहतो. चादर-टॉवेलचा धंदा आज किती ओढगस्तीत आहे, हे मी जाणतो. लहान कारखानदाराला एका दमात यंत्र घेणे जड जाते, हेही खरे. म्हणून ठरावास माझा विरोध नाही. त्यास तीन अटी जोडाव्यात, एवढीच विनंती आहे. मुदत मागणाऱ्याने कोणत्या महिन्यात कोणते काम होईल, याचे वेळापत्रक लेखी द्यावे. आपल्या चिमणीच्या धुराची मोजणी करवून तिचे आकडे मराठीत कारखान्याच्या फाटकावर लावावेत. आणि मुदत एकदाच मागावी. ती मागताना संस्थेकडे अनामत ठेवावी, जी काम न झाल्यास शेजारच्या वस्तीच्या औषधोपचारास जाईल.

त्या शेजारच्या वस्तीत आपलीही घरे आहेत. मागावर बसणारा आपला आहे, बॉयलर पेटविणारा आपला आहे आणि मालकही आपलाच आहे. मोठ्या केंद्राकडे बोट दाखवून आपली चिमणी झाकता येत नाही. उलट, आपण लहान असून हिशेब दिला, तर मोठ्यांकडे हिशेब मागण्याचा अधिकार आपल्याला येईल. सभेने याचा शांतपणे विचार करावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.