रापणीचा वाटा



या व्यासपीठावरची भाषणे आम्ही आजवर समोर सतरंजीवर बसून ऐकली. वर उभे राहून बोलण्याची सवय नाही. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते धान्यबाजाराच्या आवारात, पोत्यांच्या थप्पीला टेकून, पुढची गाडी येईपर्यंतच्या वेळात झाले. आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो, त्यात मोठेपणा मानू नये. तीस वर्षे संघटनेत गेली की ‘मी’ हा शब्द जिभेवर नीट बसत नाही, इतकेच.

चालकांनी विषय विचारला. आम्ही म्हटले, समुद्रावरची हिवाळ्यातली एक रात्र. ते हसले. वाशिमात समुद्र कुठला? आता पाहा. आपल्या जिल्ह्यावर पडणारा पाऊस एका समुद्राला जात नाही, दोन समुद्रांना जातो. काटेपूर्णेचे पाणी उत्तरेला उतरून पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. पैनगंगेचे पाणी वर्धेत, तेथून प्राणहितेत, गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पाण्याने समुद्राशी नाते ठेवले आहे. आपणच ते विसरलो.

२०२२ च्या डिसेंबरात कोकणात श्रमिकांचे एक शिबिर होते. त्याला आमच्या हमाल टोळीतले दोघे आणि आम्ही असे तिघे गेलो. शिबिर संपले, आणि तिथल्या एका रापणकराने आम्हांला मालवणास नेले. कुडाळ स्थानकावरून मालवणला जाताना तो म्हणाला, “भाषणां खूप झाली. आता जरा दोर वढा.” आम्ही तिघांनी जन्मात दोर ओढला तो विहिरीचा.

रापण म्हणजे काय ते आधी सांगितले पाहिजे. अर्ध्या किलोमीटरहून लांब असे हे जाळे. त्याच्या वरच्या काठाला तरंगणाऱ्या बुया, खालच्या काठाला वजने, आणि मधोमध बारीक विणीची मोठी पिशवी. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी निघते. समुद्रात अर्धवर्तुळ काढीत, जाळे सोडीत सोडीत, ती लांबवर पुन्हा किनाऱ्याला लागते आणि दुसऱ्या टोकाचा दोर दुसऱ्या तुकडीच्या हाती देते. मग दोन्ही तुकड्या ओढू लागतात, आणि ओढता ओढता एकमेकींकडे सरकतात. यंत्र नाही, इंजिन नाही. आम्ही होतो त्या रात्री बायामाणसे धरून बेचाळीस जण होते.

मार्गशीर्ष वद्य द्वादशीची रात्र. आमच्या यजमानाने बोटांवर हिशेब केला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नऊच्या सुमारास भरती, नंतर ओहोटी. चंद्र पहाटेशिवाय उगवायचा नव्हता. आम्ही म्हटले, अंधारात मासा दिसणार कसा? तो म्हणाला, अंधारातच दिसतो. त्याचा अर्थ रात्री एकच्या सुमारास कळला. हिवाळ्यात कोकणच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असे सूक्ष्म जीव वाढतात, आणि पाणी ढवळले की ते निळसर उजेड टाकतात. बांगड्यांचा थवा खालून गेला की पाण्यात उजेडाचा पट्टा सरकताना दिसतो. होडीतला तांडेल त्या पट्ट्यावर डोळा ठेवून जाळे सोडतो.

जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटला होता. आपल्याकडच्या थंडीपुढे ती थंडी काहीच नव्हे. पण ओल्या वाळूत उघड्या पायांनी उभे राहिले की गारठा तळव्यांतून वर चढतो. समोर सिंधुदुर्गाचा तट अंधाराहून काळा दिसत होता. दोर हातात आला, आणि आमच्यातल्या एकाने, जो शंभर किलोचे पोते पाठीवर घेतो त्याने, तो जोरात हिसकला. लगेच ओरडा झाला. रापणीत हिसका चालत नाही. एकाने जोर केला की जाळे वाकडे होते आणि खालून मासा निसटतो. सगळ्यांनी एका पावलाने मागे जायचे. मागे जात जात जो शेवटचा होतो, त्याने दोर सोडून पाण्याच्या कडेला जायचे आणि पुन्हा पहिला हात घालायचा. पुढचा मागे, मागचा पुढे. दोन तास हे चालले. ओला दोर पाण्यातून वर येताना निळा चमके, आणि आमच्या तळहातांवरही क्षणभर ती चमक राही.

दोराच्या अगदी शेवटी, वाळूत, एक म्हातारे गृहस्थ बसले होते. वय सत्तरीपलीकडचे, एक पाय अधू. ते ओढीत नव्हते. ओढून आलेला दोर ते वेटोळे करून ठेवीत होते. वेटोळ्यावर वेटोळे, कुठे पीळ नाही, कुठे गाठ नाही. आम्हांला वाटले, घरी झोप येत नसेल म्हणून येऊन बसले असतील.

तीनच्या पुढे पिशवी काठाला आली. कंदिलाच्या आणि बॅटऱ्यांच्या उजेडात सगळे वाकले. बांगडा होता, थोडी तारली होती, अंगाला खाज आणणारे जेलीफिश होते, आणि प्लास्टिकच्या पिशव्या होत्या. बांगडा भरला तीन टोपल्या. कोणी काही बोलले नाही. पूर्वी याच वाळूत बांगड्यांचे ढीग लागत, हे नंतर चहा पिताना सांगितले गेले.

कारण दूर क्षितिजावर होते. तिथे दिव्यांची एक रांग झगझगत होती. पर्ससीन नावाचे जाळे थव्याभोवती फिरवतात आणि खालून नाडी ओढावी तसे आवळतात. सगळा थवा एका फेरीत वर येतो. सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा महाराष्ट्रात १९८१ साली झाला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या शासन आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले. प्रखर एलईडी दिवे लावून मासे गोळा करण्याला केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी बंदी केली. आणि आम्ही ते दिवे डोळ्यांनी पाहत होतो. कायदा कागदावर असतो आणि मासा पाण्यात, एवढाच शेरा तांडेलाने मारला. पण त्याने पुढे आणखी एक वाक्य सांगितले, ते आम्हां संघटनेच्या माणसांना लागले. तो म्हणाला की त्या दिव्यांखाली जाळे ओढणारा खलाशीही मजूरच आहे, आणि त्याला मासा नाही, पगार मिळतो. थवा संपला तर त्याचे काही जात नाही, म्हणून तो थांबणार नाही.

उजाडताना बाया आल्या, भाव झाला, मासळी गेली. मग वाटे पडले. होडीचा आणि जाळ्याच्या डागडुजीचा भाग आधी बाजूला काढला. उरले त्याचे सारखे वाटे. माणशी १४० रुपये आणि थोडे बांगडे. तांडेलालाही तेवढेच, आम्हां तिघा पाहुण्यांनाही बळेच दिले. आणि दोर गुंडाळणाऱ्या म्हाताऱ्यांना? पुरा वाटा. शिवाय एका पोराच्या हाती चार बांगडे दिले, ज्या घरात आता ओढणारे कोणी उरले नाही त्या घरासाठी.

आम्ही त्या म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसलो. म्हटले, “तात्या, तुम्हांला पुरा वाटा?” त्यांनी आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “मी म्हातारो झालंय म्हणान पोट काय म्हातारा झाला?”

मंडळी, इथे आम्ही गप्प झालो. आमच्याबरोबरचे दोघेही गप्प झाले. का, ते आता सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच आज उभे राहिलो.

२०१६ साली आमच्या टोळीतला एक हमाल गुडघ्याने अधू झाला. एकतीस वर्षे त्याने पोती वाहिली होती. टोळीची बैठक भरली. पोते उचलील त्याला वाटा, न उचलील त्याला नाही, असा ठराव आला. आम्ही अध्यक्षस्थानी होतो. ‘श्रमाप्रमाणे मोबदला’ हे आम्ही पुस्तकात वाचले होते, आणि तेच वाक्य बोलून आम्ही ठरावाला मान्यता दिली. तो उठला. म्हणाला, “बराबर हाय भाऊ. जो उचलन त्याले वाटा.” आपला हूक त्याने आमच्यासमोर टेबलावर ठेवला आणि गेला. आम्हांला त्यात काही चुकले असे वाटले नाही. सहा वर्षे वाटले नाही.

हमालाला एक मालक नसतो, म्हणून त्याची जबाबदारी कोणाचीच नसते. हे ओळखून महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्याचे ते फळ. मालकांनी मंडळात पैसे भरावे आणि मंडळाने मजुरी, भविष्यनिर्वाह निधी पाहावा, अशी त्यातली योजना. सरकारने मालकांना जे करायला लावले, ते आम्ही आपसात केले नाही. व्यापाऱ्याशी भांडायला आम्ही शूर; आपल्याच माणसाचा वाटा कापताना आमचा हात थरथरला नाही. आणि ज्यांच्या तीन टोपल्यांवर दिव्यांची रांग टपली आहे, त्या गाबितांनी अधू माणसाचा वाटा राखला होता.

परत आलो. बैठक बोलावली. दोघांनी रापण सांगितली, आम्ही चूक सांगितली. तरणी पोरे म्हणाली, आमचेच भागत नाही. त्यांचेही खोटे नव्हते. ठराव तीन बैठका पुढे ढकलला गेला. चौथ्या बैठकीत अकरा विरुद्ध नऊ मतांनी झाला, आणि तोही अर्ध्या वाट्याचा. पुरा वाटा आम्ही अजून मिळवू शकलो नाही.

आम्ही त्याच्या लेकीच्या गावी रिसोडकडे गेलो. हूक बरोबर नेला होता. तो ओट्यावर बसला होता. सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, “उचलाले तं जमत नाही. मंग करू काय तिथं?” आम्ही म्हटले, पोती मोजायची. आमची मोजणी दर हंगामात चुकते आणि तोटा टोळीला बसतो. तो बराच वेळ बोलला नाही. मग लेकीला म्हणाला, “चहा ठेव माय, भाऊ दुरून आला.”

या हंगामात सोयाबीनच्या दिवसांत तो काट्याशेजारी बसून होता. मोजणी चुकली नाही. अर्ध्या वाट्याचा ठराव येत्या बैठकीत आम्ही पुन्हा मांडणार आहोत, पुऱ्या वाट्यासाठी. ज्या नऊ जणांनी विरोध केला त्यांतले काही आज इथे मागे बसले आहेत. त्यांना आमची विनंती आहे की त्यांनी त्या दिवशी आपले मत देण्यापूर्वी स्वतःचे गुडघे एकदा दाबून पाहावेत.