गुन्ह्याचें मूळ आणि शेजारधर्म



महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं गुन्हेगारीसारखा अमंगल विषय आम्ही कां निवडला, असें कोणी विचारील. धर्मग्राम म्हणजे शेजार. आणि गुन्ह्याचें मूळ पुष्कळदां शेजारांतच सांपडतें, हें त्याचें उत्तर.

कोणी चोरी केली कीं आपण म्हणतों, "रक्तच वाईट." ह्या समजुतीची परीक्षा क्लिफर्ड शॉ व हेन्री मॅके ह्या समाजशास्त्रज्ञांनीं शिकागो शहरीं केली. न्यायालयांत आणलेल्या अल्पवयी मुलांचीं घरें त्यांनीं नकाशावर टिपलीं. त्यांचा ग्रंथ १९४२ सालीं प्रसिद्ध झाला. शहराच्या मध्याजवळील, कारखान्यांस लागून असलेल्या पडक्या वस्त्यांत गुन्ह्यांचें प्रमाण सर्वाधिक. बाहेर जावें तसतसें तें कमी. जर्मन व आयरिश तेथून गेले, इटालियन व पोलिश आले, तरी त्या वस्त्यांतील प्रमाण चढेंच राहिलें. उलट, तेथून बऱ्या वस्तींत गेलेल्यांच्या मुलांतील प्रमाण उतरलें. मग दोष रक्ताचा कसा? दारिद्र्य आणि नित्याची ये-जा ह्यांमुळें शेजारी शेजाऱ्यास ओळखीत नाहीं, मुलास दटावणारें वडीलधारें माणूस उरत नाहीं, आणि थोरल्या टोळक्याकडून धाकट्यास चोरीची विद्या मिळते.

आपल्या देशांत तर कायद्यानेंच रक्तावर शिक्का मारला. १८७१ च्या कायद्यानें कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरल्या. त्यांना पोलिसांकडे हजेरी लागे; सोलापुरास तारेच्या कुंपणांत त्यांची वसाहत होती. १९५२ सालीं कायदा गेला, शिक्का राहिला. ज्यास चोर समजून कोणी कामावर घेत नाहीं, त्यानें पोट कशावर भरावें?

हें आम्ही वरून बोलत नाहीं. आमच्या वाडींत एकदां तांब्याचें घंगाळ हरवलें. संशय तत्काळ माळावरच्या पालांवर गेला. तेथील एका पोरास मार बसला. आम्ही पाहत उभे होतों. दोन दिवसांनीं घंगाळ घरच्याच गोठ्यांत सांपडलें. क्षमा मागण्याचें धैर्य होईतों पालें उठून गेलीं होतीं.

उपाय काय? शिक्षा हवी, परंतु ती गुन्हा घडल्यावर येते. शॉ ह्यांनीं १९३० नंतरच्या दशकांत दक्षिण शिकागोंतील रसेल स्क्वेअर ह्या पोलिश मजुरांच्या वस्तींत निराळा प्रयोग केला. तेथील सेंट मायकल धर्मग्रामाच्या सहकार्यानें रहिवाशांचीच समिती उभी राहिली. मुलांसाठीं खेळ व शिबिरें निघालीं. टोळक्यांशीं स्नेह जोडण्यास त्याच वस्तींतील तरुण नेमले गेले. सुटून आलेल्या मुलास शाळेंत वा कामावर परत नेण्यास शेजारी पुढें आले.

बंधुभगिनींनो, हें आपल्या शक्तीबाहेरचें नाहीं. शाळा सुटलेला मुलगा कोठें जातो, हें आपण विचारूं या. तुरुंगांतून परतलेल्यास दारीं उभें करूं या, काम देऊं या. आणि कांहीं हरवलें तर माळाकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपला गोठा पाहूं या.