खोडरबर



पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘मार्गदर्शन’ छापलंय. पण माझ्या या शाळेच्या फाटकातून आत आलो आणि प्रयोगशाळेची ती खिडकी दिसली. कडी तुटलेली, अजूनही सुतळीनंच बांधलेली. मार्गदर्शन तिथंच गळालं. याच खिडकीशी आमच्या सरांनी मोरचूद तापवून पांढराफटक केला आणि वर पाण्याचा थेंब सोडून पुन्हा निळा करून दाखवला. स्फटिकाच्या पोटात पाणी राहतं, हे मला तेव्हा कळलं.

पुढं जन्म गेला अणुकचऱ्याला असं पोट शोधण्यात. आपल्याकडं तुर्भे, तारापूर, कल्पाक्कमला तो काचेत मुरवतात. मला नाद दगडांचा. केरळच्या वाळूतला मोनाझाइट थोरियम पोटात धरून कोट्यवधी वर्षं बसलाय. असे दगड आपणच भट्टीत घडवावेत आणि कचरा त्यांत कोंडावा, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या रिंगवुड यांनी १९७८ च्या सुमारास ‘सिनरॉक’ मांडला. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायलाच २४ हजार वर्षं लागतात. त्यातून काही पाहुणे घरात बसल्या बसल्या बदलतात, सिझियमचा बेरियम होतो... असो, दुसऱ्या रांगेत जांभई दिसली.

एकच सांगतो. खोडरबर फेकून द्या.

प्लुटोनियमला हात लावण्याआधी त्याच्यासारखंच वागणाऱ्या सिरियमवर हात बसवतात. अगेटच्या खलात पूड घोटायची, दाबून गोळी करायची, १४०० अंशांवर भाजायची. एका रात्री वीज गेली, भट्टी मध्येच निवली. सकाळी क्ष-किरणांच्या आलेखात नको तिथं एक सुळका! मी पेन्सिलीनं लिहिलेले तास आणि तापमान खोडलं, गुपचूप नवी गोळी केली. तीन महिन्यांनी, वीज न जाता, तोच सुळका परत आला. आधीची भट्टी किती अंशांवर किती वेळ होती? वहीत नुसता कागदाचा खरखरीतपणा. तेव्हापासून पेननं लिहितो. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी.

समोर बसलेले संस्थेचे खजिनदार शाळेत माझ्याच बाकावरचे. त्यांच्या वहीला खोडून खोडून भोकं पडायची. संस्थेच्या जमाखर्चाला पडत नसावीत!

पडद्यामागं नाटकातले मावळे मिशा सावरत ताटकळलेत, त्यामुळं शेवटचं, आणि हे शिक्षकांना. प्रॅक्टिकलच्या वहीत रेघ मारलेला आकडा दिसला, तर कृपा करून गुण कापू नका.