सातबारा आधी, इसार मागून



माळशेजच्या रस्त्यावर आपले वैशाखरे. जमिनीला गिऱ्हाईक येणारच. आपल्यापैकी पुष्कळांची जमीन महार वतनाची. गावकीची राबणूक करून वाडवडिलांनी ती राखली. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतने खालसा झाली ती 1958 च्या कायद्याने. जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीवर. म्हणून सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग 2' दिसते. कलेक्टरच्या परवानगीशिवाय ती विकली तर सरकारजमा होऊ शकते. दलाल मात्र म्हणतो, "कशाला परवानगी? साठेखत करू, मुखत्यारपत्र द्या!" लग्नाच्या खर्चापायी अशा कागदावर अंगठा उठतो, हे आम्ही बँकेच्या काउंटरवरून पाहत आलो.

जमीन घेणाऱ्यानेही 'इतर हक्क' हा रकाना वाचावा, जुने फेरफार काढावेत. ठाकूर-कातकरी बांधवांची जमीन तर परवानगीविना घेऊच नये. आपल्याला जे नको, ते त्यांच्या वाट्याला का द्यावे?

खोली भाड्याने देणाऱ्यांसाठी एकच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी व नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. "ओळखीचाच आहे" म्हणून कागद टाळणारे आमच्या घरातही निघाले!