मालिशवाल्या बाईंना आधी सांगा

बाळंतिणीच्या घरी मालिशवाल्या बाई आल्या, की बाळाचे हातपाय आडवेतिडवे ओढून त्याचं अंग मोकळं करतात. पुण्यात पेठेतल्या वाड्यापासून सोसायटीतल्या फ्लॅटपर्यंत ही रीत चालत आली आहे. पण ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा असलेल्या बाळाचं हाड मोडायला तेवढी ओढही पुरते. हाडांना चिवटपणा देणारं कोलॅजेन या मुलांत जन्मतःच कमी किंवा सदोष असतं. अनेकांच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो. अनेकदा हा दोष आईवडिलांपैकी एकाकडून येतो, कधी जनुकात नव्यानेच उद्भवतो. तेव्हा ‘सुनेनं नीट सांभाळलं नाही’ हे बोलणं आधी बंद करा.

अशा बाळाचा लंगोट बदलताना घोटे धरून पाय वर उचलू नका. कमरेखाली तळवा सरकवून बाळ अलगद उचला. काखेत धरून तर मुळीच नको. मात्र भीतीपोटी मूल सतत निजवून ठेवणंही चूकच, कारण हालचाल नसली की हाडं आणखी ठिसूळ होतात. मोठं झाल्यावर डॉक्टरांना विचारून पोहायला जरूर पाठवा.

2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार मुंबईत परळचं केईएम रुग्णालय अशा दुर्मीळ आजारांसाठी उत्कृष्टता केंद्र आहे. तिथे जाताना जुने सगळे एक्स-रे बरोबर न्या.